प्लास्टिकची वाकळ

झरी, ता. परभणी
९ नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनीस तुझ्या सुलाआजीचा जयभीम.

तुझं बोचकं पोचलं. टेम्पोवाल्यानं दारात टाकायचं सोडून नाल्याच्या कडंला टाकलं आन निघून गेला. मी आन शेजारची धम्मशीला, दोघींनी लोळवत लोळवत घरी आणलं. वाटेत ज्यानं त्यानं इचारलं, सुलाबाई काय आणलंव? मी म्हणलं, नातीनं मढ्यावर घालायला प्लास्टिक धाडलंय, पण एवढं लांब मढं कुठून आणायचं ते काय तिनं सांगितलं न्हाई.

फोन कर म्हणू नको. फोनवर तू बोललीस की मला पत्र्यावर गारा पडल्यावानी ऐकू येतं. आन धम्मशीलाच्या फोनवर निरोप धाडलास तर मला कळायच्या आधी गावाला कळतो. साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी शिकलेलं एवढंच कामाला आलंय, तवा लिहून कळीव.

दिवाळीला आलीस, वेल्डरकडून लोखंडी पाइप वाकवून आणलेस, माझ्या परसात नऊ कमानी रोवल्यास आन गेलीस नाशिकला. माझी मेथी त्याच्याखाली, कोथिंबीर त्याच्याखाली. लोक इचारायलेत, मंडप कुणाच्या लग्नाचा? तुझा बाप म्हणतो, तिच्याच.

नागनाथ रविवारी परभणीहून आला होता. चहा पिऊन झाल्यावर कमानीला टिचकी मारून म्हणला, "आई, तिला सांग. जानेवारी सरायच्या आत ह्याच्यात मिरचीची रोपं डोळ्यानं दिसली तर मी लग्नाचं नाव काढणार न्हाई. झरीला येऊन खुशाल रोपवाटिका टाक म्हणावं. न्हाई दिसली तर गंगाखेडच्या पाहुण्यांना होकार."

मी म्हणलं, "भांडण तुमचं बापलेकीचं, मग माझं परस कशाला अडवलंव?"

तर हसला. त्याला हसायला काय जातंय.

नाशिकच्या रोपवाटिकेतला तुझा करार फेब्रुवारीपतूर. म्हणजे हे प्लास्टिक मीच चढवायचं. कसं चढवायचं ते सुधं लिही. विंग्रजी शब्द घालशील तर मी त्या प्लास्टिकचं रॉकेलच्या डब्यावर झाकण करीन.

तुझी आजी
सुलाबाई


नाशिक
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजीस जयभीम.

टेम्पोवाल्याला मी दारातच उतरवायला सांगितलं होतं. माफ कर.

सुधं लिहिते. आपल्याकडची डिसेंबरची थंडी तुला मी काय सांगू. उघड्यावर मिरचीचं बी उगवतच नाही, म्हणून हे पांघरूण. आधी कमानींवर हात फिरवून बघ. जिथं वेल्डिंगचं टोक हाताला लागेल तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ, नाहीतर प्लास्टिक घासून फाटेल. दोन्ही अंगांनी वीतभर खोल चर खण. वारं पडलेलं असेल आणि ऊन निघालेलं असेल अशा वेळी चढवा. उन्हात प्लास्टिक मऊ पडतं, ताणता येतं. ज्या बाजूला छापील अक्षरं आहेत ती आभाळाकडे. मग कडा चरात सोडून वर माती दाबायची. दोन्ही तोंडांना वेगळे पडदे पाठवलेत, ते वर गुंडाळता येतील असे बांधा.

प्लास्टिकचे दोन तुकडे आहेत. इथल्या रोपवाटिकेत उरलेलं मला मिळालं, म्हणून अखंड नाही. ते जोडायला रुंद चिकटपट्टी आत ठेवली आहे. जोड दोन्ही बाजूंनी चिकटवायचा.

आणि आजी, कुठंही भोक पाडू नको. खिळा नको, दाभण नको, काही नको.

एकटीनं चढवू नको. धम्मशीलाकाकूला हाक मार. बाबांची अट मला मान्य आहे. मला झरीलाच यायचंय.

तुझी
सुकेशनी


झरी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनीस जयभीम.

झालं तुझं काम. आता माझं ऐक.

तुझी चिकटपट्टी नाहक चीज हाय. प्लास्टिकला सोडून समद्याला चिकटली. माझ्या केसाला, धम्मशीलाच्या पदराला, कोंबडीच्या पायाला. ती कोंबडी पट्टी घेऊन आळीभर पळली आन मागं आमी. प्लास्टिक अंगणात पसरलं होतं, त्याच्यावर फुफाटा बसला, फुफाट्यावर पट्टी कशी धरंल?

मग मी डोकं चालवलं. चार बाया बोलावल्या. धम्मशीला, माधवी, राजेश्री आन राजेश्रीची सासू. समद्या वाकळा शिवणाऱ्या. दोन तुकडे एकावर एक घेतले, वीतभर अंगावर अंग ठेवलं आन नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून काढलं. दोन फेऱ्या. टाका असा बारीक की शहरातल्या शिंप्यानं बघत बसावं. ज्याची वाकळ त्यानं शिवणाऱ्याला जेवू घालायचं असतंय, तवा वरण-भात आन ठेचा माझ्याकडून गेला. राजेश्रीच्या सासूनं दोनदा भात घेतला आन म्हणली मीठ कमी हाय. चारी कोपऱ्यांना लाल चिंधीची फुलंबी लावलीत. बिनफुलाची वाकळ आमी घरातनं बाहेर काढीत न्हाई, मग ती प्लास्टिकची का असंना.

तू लिव्हलंस भोक पाडू नको. ते मी इसरले न्हाई. पण सुईचं भोक काय भोक असतंय व्हय? सुईच्या मागनं दोरा जातो आन भोक बुजतं. जलमभर शिवत आलेय, एक वाकळ कधी भोकानं फाटली न्हाई.

दुपारच्या उन्हात चौघींनी चार कोपरे धरून वर ओढलं. माधवी नुसती "इकडं, इकडं" म्हणून वरडत होती, तिच्या इकडंचा आमाला पत्ता लागंना. पण बसलं. हलकं वारं आलं की ढोलकीवानी वाजायलंय. रोपांचे ट्रे मातीनं भरलेत, मिरचीचं बी टाकलंय. तुझ्या बापाला कळीव.

सुलाबाई


नाशिक
२ डिसेंबर २०२४

आजी, जयभीम.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावून बसले. माझ्यासोबतच्या पोरी विचारत होत्या, घरी काय झालं?

अगं, कापड वेगळं, प्लास्टिक वेगळं! कापडाला सूत असतं, सुई सुतांच्या मधून जाते. प्लास्टिकला सूत नाही. त्याला भोक पडलं की ते भोक तसंच राहतं, आणि वाऱ्यानं ताणलं की पुढं चिरत जातं. तुम्ही एका ओळीत शेकड्यानं भोकं पाडलीत, आणि तीही दोन फेऱ्या! मी "काही नको" लिहिलं होतं त्यात सुईसुद्धा आली, आजी. मला काय माहीत सुईचं नाव वेगळं लिहावं लागेल!

आता लगेच एक कर. शिवणीवरची धूळ ओल्या फडक्यानं पूस, कोरडी होऊ दे, आणि आतून-बाहेरून तीच पट्टी दाबून बसव. केसांना कशी चिकटली होती, तशी स्वच्छ प्लास्टिकलाही चिकटते. वारं सुटायच्या आत कर.

इथं काम वाढलंय. आमच्या मॅडम माझ्याशी काही बोलणार आहेत म्हणे. ते नंतर लिहीन.

सुकेशनी


झरी
९ डिसेंबर २०२४

सुकेशनीस जयभीम.

तुझं पत्र परवा आलं. वाकळ त्याच्या आदल्या रविवारीच गेली.

आभाळ आलं होतं, वारं सुटलं. मी चुलीपाशी. मागनं असा आवाज आला की कुणीतरी अख्खं ठाण फाडायलंय. जाऊन बघते तर शिवणीशिवणीनं उसवत निघालेलं, पोस्टातल्या तिकिटाचा कागद फाडावा तसं सरळ. एक टाकाबी इकडं तिकडं न्हाई. टाका एवढा सुधा घातला होता ना, फाटलंबी तेवढंच सुधं. अर्धं कमानीवर राहिलं आन अर्धं उडालं ते भगवानरावच्या तुरीत. मी आन धम्मशीला मागं. आमी धरायला जावं आन त्यानं उठून म्होरं जावं. भगवानराव बांधावर उभा राहून म्हणतो, "वहिनी, माझी तूर तुडवू नका." मी म्हणलं, "मग तू धर की, हात काय भाड्यानं दिलेत?" तवा कुठं त्यानं धोतर खोचलं.

आन नेमका त्याच टायमाला नागनाथ. रविवार ना. फटफटी लावून दारात उभा, आन आमी तिघं प्लास्टिक खांद्यावर घेऊन आळीतनं येतोय. त्यानं बघितलं, हसला आन म्हणला, "झालं?"

एवढंच. "झालं?"

मग आत येऊन म्हणतो, "गंगाखेडचे पाहुणे लय बेजार झालेत वाट बघून. पोरगा साखर कारखान्यात हाय, घर चांगलं हाय. आई, आता तूच तिला समजीव."

सुईचं मी चुकले. लिहून देते, चुकले. सूत असतंय न्हाई ते मला ठाव नव्हतं. ट्रेमधलं बी पावसानं वाहून गेलं तेबी गेलं. पण त्यानं हसायचं काम नव्हतं. त्याच्या अंगावर ज्या वाकळा घालून त्याला मोठा केला त्या काय परभणीच्या हापिसातनं आल्या होत्या?

आता पुन्यांदा चढवायचं. पट्टी बिट्टी सांगू नको, ती संपली. दुसरं काय असंल तर सांग, आन ह्या खेपंला सुईचं, कात्रीचं, विळ्याचं, समद्याचं नाव घेऊन सांग.

सुलाबाई


नाशिक
१५ डिसेंबर २०२४

आजी, जयभीम.

तुला लागलं तर नाही ना? तुरीतून पळालीस म्हणून विचारते.

असं कर. उसवलेली कड दोन्ही तुकड्यांची कात्रीनं सरळ कापून टाक. आता प्लास्टिक कमी पडेल, म्हणून शेवटची एक कमान उघडीच सोड. जोड मध्येच लोंबकळत ठेवायचा नाही, नेमका एका कमानीवर आण. एका तुकड्यावर दुसरा हातभर चढव. मग पाण्याच्या काळ्या पाइपचे वीतभर तुकडे घे, एका अंगानं उभे चिर, आणि ते चिमट्यासारखे प्लास्टिकवरून कमानीवर दाबून बसव. पाइपला पाइप धरतो. भोक नाही, टाका नाही, पट्टी नाही. धम्मशीलाकाकूंच्या शेतात जुना पाइप असेलच.

आता दुसरं. मॅडम बोलल्या. मला इथं कायम करायचं म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. कायम झाले तर बाबा वर्षभर तरी लग्नाचं बोलणार नाहीत. आणि तुला या वयात चर खणायला लावतेय त्याची मला लाज वाटते. त्यामुळे आजी, आता राहू दे ते. कमानी तशाच राहू देत. पुढच्या वर्षी बघू.

सुकेशनी


झरी
२४ डिसेंबर २०२४

सुकेशनीस.

राहू दे म्हणतीस? ते वाचायच्या आधीच धम्मशीलानं समदा पाइप चिरला होता. पहिलं पान वाचलं आन कामाला लागलो आमी. दुसरं पान प्लास्टिक चढल्यावर वाचलं. बरं झालं. आधी वाचलं असतं तर तुझ्या कमानी भंगारात घातल्या असत्या.

बसलंय. चिमटे गच्च बसलेत, धम्मशीला लोंबकळून बघितली तरी हाललं न्हाई. त्यात तुझी हुशारी, मान्य. परवा रात्रभर वारं होतं, समद्या आळीचे पत्रे वाजले, आपलं प्लास्टिक गप. उघड्या राहिलेल्या कमानीवर मी दोडक्याचा वेल सोडणार हाय, ती माझी. बी पुन्यांदा टाकलं.

आता दुसऱ्या पानाचं. पोरी, मला एक सांग. तुला रोपं करायची हायेत का नुसतं लगीन टाळायचंय? लगीन टाळायचं असंल तर नाशिक चांगलं हाय, खुशाल रहा, माझी काही ना न्हाई. लगीन केलंस तरी ना न्हाई, न्हाई केलंस तरी ना न्हाई. मी काय तुझ्या लग्नाच्या लाडवाला टपून बसले न्हाई. पण तुला काय पायजे ते तुला ठाव नसताना आमी बायांनी तुझ्यापायी तुरीतनं पळायचं, हे काय मला पटत न्हाई.

माझी लाज वाटती म्हणू नको. चर मी खणला न्हाई, माधवीच्या नवऱ्याला खणाय लावला. माझ्या वयाचं निमित्त करून तू पळू नको. पळायचं तर तुझ्या पायानं पळ.

सुलाबाई


नाशिक
३१ डिसेंबर २०२४

आजी, जयभीम.

चार वेळा लिहून फाडलं.

मला रोपंच करायची आहेत. इथं रोज लाखानं रोपं तयार होतात, त्यातलं एकही माझं नसतं. पण फसले तर? एक वाफा मेला तरी बाबा जन्मभर बोलून दाखवतील, आणि गाव आहेच. इथं रोप मेलं तर मॅडमचं मरतं.

अजून काही ठरवता येत नाही. रागावू नको.

सुकेशनी


झरी
२७ जानेवारी २०२५

सुकेशनीस जयभीम.

उत्तराला वेळ लागला. रागावले नव्हते, सवड नव्हती.

आधी वाईट सांगते. बी उगवलं, दोन दोन पानं आली. थंडी लागू नये म्हणून मी दोन्ही तोंडाचे पडदे दिवसाबी बंद ठेवले. बाहेर शेकोटीला बसावं अशी थंडी, मला काय ठाव आत दुपारचं भट्टी होतीय? एके दिवशी आत गेले तर मधले ट्रे समदे करपलेले. उकडलेल्या भाजीवानी माना टाकून पडलेले. कडेचे तेवढे वाचले. दोन दिवस मी त्या परसाकडं फिरकले न्हाई. मग धम्मशीला म्हणली, बी उरलंय. टाकलं. तेबी वर आलं. तू म्हणतीस फसले तर. हे बघ, आमी दोनदा फसलो. बोलणारे बोलले. राजेश्रीची सासू आजून बोलायलीय. तिला भात वाढला की गप बसती.

आता कालचं ऐक. सव्वीस जानेवारी, त्यात रविवार. नागनाथ आला, आन संगं गंगाखेडचे पाहुणे, पोराचे आई-बाप. मला सांगणं न्हाई, इचारणं न्हाई. त्या तुरीतल्या रविवारपासनं तो इकडं फिरकला नव्हता, त्याला वाटलं प्लास्टिक उडालंच हाय, जाता जाता घर दाखवावं आन सुपारी फोडावी. चहा झाला. पोराची आई परसात गेली हात धुवायला, ती आलीच न्हाई. बघतो तर ती आत, ट्रेपाशी उकिडवी बसलेली. म्हणती, "सुलाबाई, ही मिरची कोणती? आमच्याकडं तर थंडीनं एक बी वर आलं न्हाई. मला शंभरेक रोपं ठिवा." नवऱ्याला हाक मारून आत घेतलं. तो म्हणतो, आत लय बरं वाटायलंय, इथंच बसू. लग्नाचं बोलणं राहिलं आन पाहुणे मिरचीवर बोलायलेत. नागनाथ पडद्यातनं आत डोकावतोय, त्याच्या चष्म्यावर वाफ.

पाहुणे आळीत फिरायला गेले तवा मी त्याला धरलं. म्हणलं, "जानेवारी सरली न्हाई. रोपं डोळ्यानं दिसली का?"

तर म्हणतो, "दिसली."

"मग?"

"मग काय? रोपं तू केलीस, आई. अट तिला घातली होती. ती कुठंय? तिला झरीला ह्येच करायचं असतं तर ती इथं असती. नाशिकला कायम व्हायलीय म्हणून मला कळालंय."

सुके, मला त्याचा लय राग आला, आन त्याच्याहून जास्त राग ह्या गोष्टीचा आला. जलमात पहिल्यांदा तुझा बाप माझ्याम्होरं बरोबर बोलला.

मी एवढंच म्हणलं, "पाहुण्यांना फेब्रुवारीच्या शेवटल्या आठवड्यापतूर थांबीव. ती सोता येऊन सांगंल, हो का न्हाई. न्हाई आली तर माझंबी काही म्हणणं न्हाई."

त्यानं मान हालवली. म्हणून लिहायले. माझ्यासाठी येऊ नको. चार बायांनी मेहनत केली म्हणून तर मुळीच येऊ नको, त्यांनी भात खाल्लाय. तू न्हाई आलीस तरी रोपं आमी लावू, वाटू, काय करायचं ते करू. ऊन चढलं, पडदे उघडायला जाते.

सुलाबाई


नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

आजी, जयभीम.

मॅडमना नाही म्हणून सांगितलं. बाबांनाही फोन केला. ते "ठीक आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले की काय कळलं नाही. करार संपला की येते. पाहुण्यांना काय सांगायचं ते मीच येऊन सांगेन.

भीती गेलेली नाही. तरी येते.

सुकेशनी


झरी
९ फेब्रुवारी २०२५

सुकेशनीस जयभीम.

पत्र पोचलं. भीती घेऊन ये, परसात जागा हाय.

पाहुण्यांना तू काय सांगायची गरज राहिली न्हाई. तुझा बाप गंगाखेडला जाऊन न्हाई म्हणून आला. तिथनं सरळ इथं. तोंड पाडून वसरीत बसला. चहा दिला, पिला. पुन्यांदा बसला. मी म्हणलं, "बसायलाच आलायस तर परसात चल, ट्रे हालवायचेत."

गेला. दुपारपतूर ट्रे उचलत होता. उचलायची रीत न्हाई, एका हातानं धरतो, ट्रे वाकतो, माती सांडती, रोपाची मुळी उघडी पडती. तीनदा सांगितलं तरी तेच. धम्मशीलानं तोंडाला पदर लावला. जाताना म्हणला, म्होरच्या रविवारी येतो. मी म्हणलं, तुला कुणी बोलावलंय? तरी येणार हाय.

तू लवकर ये. आन आल्या आल्या आधी त्याला शिकीव.

तुझी आजी
सुलाबाई